नवी भाषा जन्माला येते कशी?

बाजाराचा दिवस आहे. तुम्ही शेळी विकायला नेली आहे. गिऱ्हाईक आलं ते दूरच्या मुलखातलं. त्याला मराठी येत नाही. तुम्हाला त्याची भाषा येत नाही. मग सौदा अडतो का? नाही अडत. तो शेळीच्या पाठीवरून हात फिरवतो आणि 'कितना?' म्हणतो. तुम्ही बोटं दाखवता. तो 'जादा, जादा' म्हणून मान हलवतो. तुम्ही शेळीचे दात दाखवता. तो एक बोट कमी करतो. घटकाभरात दोर त्याच्या हातात जातो आणि पैसे तुमच्या खिशात येतात.

आता असं समजा, की हा माणूस दर आठवड्याला येऊ लागला. त्याच्याबरोबर आणखी दहा जण येऊ लागले. मग काय होईल? दहा-वीस शब्द दोघांच्याही ओळखीचे होतील. काही त्यांचे, काही तुमचे. 'तो', 'ती', 'ते' यांचा घोळ कुणी करणार नाही. 'आलो', 'आलास', 'आले' असे फरक कुणी पाळणार नाही. 'तू उद्या येणे', 'मी काल देणे' असं बोलूनही काम भागेल.

अशा बोलीला आपण कामचलाऊ बोली म्हणू. भाषेचे पंडित तिला 'पिजिन' म्हणतात. ही बोली बाजारापुरती, बंदरापुरती किंवा मळ्यापुरती असते. ती कुणाचीच मायबोली नसते. तिच्यात कुणी अंगाई म्हणत नाही. तिच्यात कुणी देवापुढं गाऱ्हाणं घालत नाही. घरी गेलं, की जो तो आपापली भाषा बोलतो.

पण घरी जाता येत नसेल तर? घरच उरलं नसेल तर? मग त्या कामचलाऊ बोलीचं काय होतं? तीच गोष्ट आता सांगायची आहे.

उसने शब्द निराळे, नवी भाषा निराळी

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. परक्या भाषेतले शब्द घेतले म्हणून काही नवी भाषा होत नाही.

आपण पाव खातो, चावीनं कुलूप उघडतो, घमेल्यातून माती वाहतो, महिनाअखेर पगार घेतो. पाव, चावी, घमेलं, पगार हे सारे शब्द पोर्तुगीज लोकांकडून आले. कागद, अर्ज, जमीन, बाजार, सरकार हे शब्द फारसीतून आले. आपण ज्याला तूप म्हणतो, तो शब्द कानडीशी नातं सांगतो. तिकीट आणि मोटार इंग्रजीतून आले, हे तर सर्वांना ठाऊकच आहे.

तरी मराठी मराठीच राहिली. का बरं? शब्द परके असले, तरी त्यांना आपण आपल्या रीतीनं वागवलं. 'पगार' पोर्तुगीज खरा, पण 'पगाराला', 'पगारातून', 'पगारी' हे सारं मराठी. घरात चार पाहुणे आले म्हणून घराचा पाया बदलत नाही, तसंच हे.

नवी भाषा जन्मते, तेव्हा पायाच नवा घातलेला असतो. विटा जुन्या घरांच्या, पण घर नवं.

माणूस नसलेलं बेट

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचं एक बेट आहे. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर नावाचं मोठं बेट आहे. त्याच्याही पूर्वेला हे लहान बेट. एके काळी इथं मनुष्यवस्तीच नव्हती. डोडो नावाचा, उडता न येणारा पक्षी तिथं राहत होता. माणसं आली आणि तो पक्षी नाहीसा झाला.

१६३८ साली तिथं डच लोकांनी वस्ती केली. १७१० साली ते निघून गेले. १७१५ साली फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला. त्यांना तिथं बंदर हवं होतं, मळे हवे होते. मळ्यांवर राबायला माणसं हवी होती. म्हणून त्यांनी गुलाम आणले. कुणी मादागास्करमधून आणले, कुणी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून. काही पश्चिम आफ्रिकेतून आले, तर काही हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरूनसुद्धा.

त्या माणसांची दशा डोळ्यांपुढं आणा. माणसाला पकडलं, विकलं, जहाजाच्या तळाशी कोंबलं. उतरवलं ते अनोळखी बेटावर. शेजारी जो उभा आहे, त्याची भाषा वेगळी. पलीकडे उभा आहे, त्याची आणखी वेगळी. मालक ओरडतो ते फ्रेंच भाषेत. 'पाणी दे' म्हणायचं, तरी कोणत्या भाषेत म्हणायचं?

मालकाचे शब्द सर्वांच्या कानांवर पडत. म्हणून तेच शब्द सर्वांनी उचलले. पण फ्रेंच शिकवायला शाळा नव्हती, मास्तर नव्हता, पुस्तक नव्हतं. जे कानांवर पडलं, ते जसं कळलं तसं घेतलं. ते एकमेकांशी बोलताना वापरलं. अशी एक बोली तयार होत गेली.

मग त्या माणसांना मुलं झाली. मुलांच्या कानांवर जन्मापासून हीच बोली. रडायचं तिच्यात, हट्ट करायचा तिच्यात, खेळायचं तिच्यात. वीस-पंचवीस शब्दांवर मुलांचं कसं भागणार? त्यांना गोष्टी हव्यात, कोडी हवीत, भांडायला शब्द हवेत. बोली भरत गेली. तिला नियम आले. ती कुणाची तरी मायबोली झाली. अशा भाषेला 'क्रिओल' म्हणतात.

या कामात मोठ्या माणसांचा वाटा जास्त की मुलांचा, यावर पंडितांचा वाद आहे. काही जण म्हणतात, मुलांनीच भाषेला आकार दिला. काही जण म्हणतात, मोठ्यांनी आपापल्या जुन्या भाषांच्या रीती तिच्यात आणल्या. दोघांचाही हात लागला असणार. घर बांधताना मोठी माणसं दगड लावतात आणि मुलं माती तुडवतात, तसंच हे झालं असेल.

कान ऐकतो, जीभ घडवते

आता या भाषेतले थोडे शब्द पाहू. शब्द वाचताना 'झ'चा उच्चार 'माझा' या शब्दातल्यासारखा करा.

फ्रेंच भाषेत पाण्याला 'ओ' म्हणतात. एवढाच शब्द. पण 'थोडं पाणी' म्हणायचं झालं, तर फ्रेंच माणूस 'द लो' म्हणतो. राबणाऱ्या माणसानं तो शब्द लिहिलेला कधी पाहिला नव्हता. कुठं तोडायचा, हे त्याला कसं कळणार? त्यानं तो अख्खाच उचलला. पाणी म्हणजे 'दिलो'. तांदळाचंही तसंच. फ्रेंच शब्द 'री'. पण मालक म्हणे 'द्यु री'. म्हणून मॉरिशसमध्ये तांदूळ आणि भात म्हणजे 'दिरी'. झोपडीला फ्रेंच लोक 'ला काझ' म्हणत. त्यातला 'ला' वेगळा आहे, हे ध्यानात न आल्यामुळं घर म्हणजे 'लाकाझ' झालं.

मुलांना फ्रेंच भाषेत 'लेझांफां' म्हणतात. यात 'ले' हा अनेकवचन दाखवणारा शब्द, आणि 'झ' हा दोन शब्द जोडताना येणारा आवाज. क्रिओल भाषेनं 'ले' टाकला आणि 'झ' ठेवला. मूल म्हणजे 'झांफां' झालं. पक्षी म्हणजे 'झ्वाझो' झाला, तोही असाच.

यात हसण्यासारखं काही नाही. आपण 'पिवळं पीतांबर' म्हणतोच ना? पीतांबर म्हणजेच पिवळं वस्त्र. 'पावरोटी' म्हणतो. पाव म्हणजेच रोटी. परका शब्द कानांवर पडला, की जगातला प्रत्येक माणूस असंच करतो.

मोडकी नव्हे, नेमकी

फ्रेंच मालक या बोलीला मोडकी फ्रेंच म्हणत. ती खरंच मोडकी आहे का? पाहू या.

'मी भात खातो' हे मॉरिशसच्या क्रिओल भाषेत असं म्हणतात: 'मो मांझ दिरी'. 'मो' म्हणजे मी, 'मांझ' म्हणजे खाणे, 'दिरी' म्हणजे भात.

मी भात खाल्ला: 'मो ती मांझ दिरी'.

मी भात खातो आहे: 'मो पे मांझ दिरी'.

मी भात खाणार आहे: 'मो पू मांझ दिरी'.

नीट पाहा. 'मांझ' हा शब्द मुळीच हलला नाही. त्याच्या आधी 'ती' ठेवला, की गोष्ट होऊन गेली. 'पे' ठेवला, की गोष्ट चालू आहे. 'पू' ठेवला, की गोष्ट व्हायची आहे. मी असो, तू असो, ते असोत, नियम तोच. पुरुष खात असो की बाई, शब्द तोच. 'तो' आणि 'ती' या दोन्हींसाठी 'ली' हा एकच शब्द. अनेक मुलं म्हणायचं असेल, तर आधी 'बान' लावायचा: 'बान झांफां'.

हे नियम सर्वांना पाळावे लागतात. कुणी 'मो मांझ ती दिरी' म्हटलं, तर तिथलं चार वर्षांचं पोरसुद्धा हसेल. जिथं चूक करता येते, तिथं नियम आहेत. आणि जिथं नियम आहेत, तिथं भाषा आहे.

आपली माणसं तिथं गेली

१८१० साली इंग्रजांनी मॉरिशस फ्रेंचांकडून घेतलं. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली. साठ हजारांहून अधिक गुलाम सुटले. पण उसाचे मळे तर चालवायचे होते. मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे नजर वळवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाचं जहाज ३६ मजूर घेऊन तिथं लागलं. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथं गेली.

मजुरांकडून करारावर अंगठा घेत. कराराला इंग्रजीत 'ॲग्रीमेंट' म्हणतात. लोकांच्या तोंडी त्याचं 'गिरमिट' झालं, आणि जाणारा माणूस 'गिरमिटिया' झाला. कागदावर काय लिहिलं आहे, हे बहुतेकांना वाचता येत नव्हतं. अक्षर न येण्याची किती मोठी किंमत माणसानं दिली, हे ध्यानात घ्या.

बहुतेक माणसं बिहारकडची, भोजपुरी बोलणारी होती. मद्रासकडचे तमिळ आणि तेलुगू लोकही होते. मुंबई बंदरातून आपली मराठी माणसंही गेली. त्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातले पुष्कळ होते.

ही माणसं पोचली, तेव्हा क्रिओल भाषा तिथं तयार होती. दुकानात, बंदरावर, शेजारी तीच कानांवर पडे. हळूहळू ती आपल्या माणसांचीही झाली. त्यांनी तिला आपले शब्दही दिले. चटणीला तिथं 'सातिनी' म्हणतात. दालपुरी तिथं रस्त्यावर विकतात आणि सर्व जातिधर्मांची माणसं ती खातात. कोथिंबिरीला 'कोतोमिली' म्हणतात, तो शब्द तमिळ लोकांनी नेला. लोणच्याला म्हणतात 'झासार'. शब्द आपल्याकडे रुळलेला 'अचार', आणि पुढं चिकटला तो फ्रेंचांचा 'झ'! एका शब्दात किती देश नांदतात, पाहा.

आज मॉरिशसमधली मराठी घराणी गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. शाळांतून मराठी विषय शिकता येतो. पण घरात, अंगणात, मुलं भांडताना ऐकू येते ती बहुतेक क्रिओलच. २०११ च्या शिरगणतीत दहांपैकी आठांहून जास्त माणसांनी घरी क्रिओल बोलतो असं सांगितलं. मराठी मागं पडली, याचं आपल्याला वाईट वाटतं. ते साहजिक आहे. पण त्या लोकांनी मूकपणा पत्करला नाही, शेजाऱ्यांची भाषा आपली केली, हेही तितकंच खरं.

आपल्या रायगड जिल्ह्यातलं कोर्लई

अशी भाषा पाहायला समुद्रापार जायला हवं असं नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात, कोर्लई नावाचं गाव आहे. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी समुद्र आणि वस्ती. तिथं ख्रिस्ती लोकांची एक वस्ती आहे. ही माणसं मासेमारी करतात, शेती करतात. बाहेर मराठी बोलतात. पण घरात एक निराळी भाषा बोलतात. तिला ती 'नॉ लिंग' म्हणतात. याचा अर्थ 'आमची भाषा'.

ही भाषा आली कुठून? खाडीपलीकडे चौल आणि रेवदंडा आहे. तिथं १५२१ साली पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला. पोर्तुगीज शिपाई आले. त्यांनी इथल्या बायकांशी संसार थाटले. कित्येक इथली माणसं ख्रिस्ती झाली. पोर्तुगीज आणि मराठी यांचा रोज संबंध येऊ लागला, आणि त्यातून नवी बोली उपजली. १७४० साली हा मुलूख मराठ्यांच्या हाती आला आणि पोर्तुगीज गेले. बोली मात्र राहिली. वस्तीचा धर्म निराळा, मध्ये खाडी, येणंजाणं बेताचं. अशा कोपऱ्यात दिवा तेवत राहावा, तशी ती तेवत राहिली.

पण शेजारी मराठी होती. पोर्तुगीज माणूस 'मी खातो भात' अशा क्रमानं बोलतो. कोर्लईच्या भाषेनं मराठीचा क्रम उचलला: 'मी भात खातो'. क्रियापद शेवटी गेलं. मराठीतली इतकी क्रियापदं तिनं घेतली, की त्यांच्यासाठी तिनं एक वेगळा नियमच केला. ही क्रियापदं आली, की त्यांच्या शेवटी 'उ' येतो. शब्द पुष्कळसे पोर्तुगीज, पण बोलण्याची ठेवण मराठी.

ही भाषा बोलणारी माणसं आज हजाराच्या आसपास आहेत. मुलं मराठी शाळेत जातात, कामासाठी शहरात जातात. ही भाषा पुढं टिकेल का, ते गावातल्या आया मुलांशी काय बोलतात, त्यावर ठरेल.

मान कुणी द्यायचा?

जगात अशा भाषा पुष्कळ आहेत. आपल्या देशात नागालँडमध्ये निरनिराळ्या जमाती राहतात. त्यांच्या भाषा एकमेकींना कळत नाहीत. आसामी लोकांशी व्यापार करता करता आसामीवरून एक बोली तयार झाली. तिला नागामीज म्हणतात. पापुआ न्यू गिनी देशात इंग्रजी शब्दांवरून 'टोक पिसिन' नावाची भाषा झाली. तिच्यात इस्पितळाला 'हाउस सिक' म्हणतात, म्हणजे आजाऱ्यांचं घर. पाहा किती सोपं! हैती या देशात गुलामांच्या वंशजांची क्रिओल भाषा १९८७ च्या राज्यघटनेनं फ्रेंचच्या बरोबरीची सरकारी भाषा केली.

मॉरिशसमध्ये मात्र मान मिळायला फार दिवस लागले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. तरी क्रिओलला शाळेत जागा नव्हती. पोरगं घरी एक भाषा बोले, आणि शाळेत पाऊल टाकलं की इंग्रजी आणि फ्रेंच. आपली भाषा ही भाषाच नव्हे, असं ते लहानपणीच शिके. पुढं लोकांनी नेट धरला. २००९ साली क्रिओल भाषेचा, क्रिओलमध्येच अर्थ सांगणारा शब्दकोश निघाला. २०११ साली लिहिण्याचे नियम ठरले. २०१२ साली प्राथमिक शाळांत तो विषय शिकवायला सुरुवात झाली. गुलामांच्या झोपडीत जन्मलेली भाषा फळ्यावर आली.

आता आपल्याकडे वळू. तुम्ही नुकतेच लिहायला शिकला आहात. पुस्तकात 'होतं' लिहिलेलं असतं, तुमच्या तोंडी 'व्हतं' येतं. पुस्तकात 'नाही', तुमच्या तोंडी 'न्हाई'. कुणी हसतं. मग सभेत उठून बोलायची, अर्ज लिहायची लाज वाटते. ही लाज टाकून द्या. तुमची बोली मोडकी नाही. तिलाही नियम आहेत, आणि ते तुम्ही आईच्या मांडीवर शिकला आहात. पुस्तकी मराठी जरूर शिका. ती कचेरीत, कोर्टात, बँकेत कामी येते. ती आली, तर कुणी न समजणाऱ्या कागदावर तुमचा अंगठा घेऊ शकणार नाही. पण ती शिकायची, म्हणून घरची बोली टाकावी लागत नाही. दोन कपडे असले, म्हणून एक फाडायचा नसतो.

आणि उद्या तुमच्या गावात दूरचा मजूर कामाला आला, त्यानं अडखळत मराठी बोललं, तर हसू नका. दोन शब्द त्याला सांगा, दोन त्याचे शिका. भाषेची सुरुवात अशीच होते.

वाचून झाल्यावर विचार करा

१. कामचलाऊ बोली आणि क्रिओल भाषा यांत फरक काय?

२. 'दिलो' हा शब्द कसा तयार झाला?

३. कोर्लईच्या भाषेनं मराठीकडून काय घेतलं?

४. तुमच्या गावात वापरात असलेले पाच परके शब्द वहीत लिहा. ते कुठून आले असतील, ते वर्गात एकमेकांना विचारा.